चार फूट नऊ इंचांच्या आत

माणसाची उंची ही त्याची खासगी बाब नाही, हे प्रगत राष्ट्रांनी फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. आपल्याकडे मात्र उंची दोनच प्रसंगी विचारतात: पोलीसभरतीला आणि मुलगी बघायला येतात तेव्हा. दोन्हीकडे ती थोडी वाढवून सांगायची मुभा असते. (पहिल्या ठिकाणी टाचा उचलतात, दुसऱ्या ठिकाणी मामा बोलतो.) परिणामी १९९३ सालापर्यंत ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात कोणाचीही अधिकृत उंची उपलब्ध नव्हती. ही उणीव कुंडलिकराव नाखवा यांनी एका संध्याकाळी, शिंप्याकडून मागून आणलेल्या टेपने भरून काढली.

कुंडलिकराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. नियम या वस्तूवर त्यांचं निरपेक्ष प्रेम होतं. नियमाने कोणाचं भलं होतं का, असला क्षुद्र हिशेब त्यांनी कधी केला नाही. दुःख एकच होतं, की हे प्रेम घरी आणून दाखवता येत नव्हतं. आई रंगूबाई यांनी उभा जन्म बाजारात मासळी विकण्यात घालवला होता आणि मुन्सिपाल्टीच्या माणसालाही त्या अरेतुरे करत. पत्नी मालनबाई सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग स्वतःच्या मनाने करत. मुलगी मंजुळा अकरा वर्षांची. आजीच्या आईचं नाव तिला ठेवलं होतं, पण ते सोडल्यास जुन्या वळणाचं तिच्यात काही नव्हतं. कोणत्याही सूचनेवर ती "कशावरून?" असं विचारायची.

अशा घरात मालनबाईंचे भाऊ देवराम अमेरिकेतून सीट घेऊन आले.

देवराम मालवाहू जहाजावर होते आणि बऱ्याच वर्षांनी परतले होते. समुद्रावरचा माणूस घरच्यांना ज्या मापात सोडून जातो, त्याच मापात डोक्यात वागवतो. भाची त्यांना आठवत होती ती पुढचे दात पडलेली, मांडीवर मावणारी. म्हणून त्यांनी तिकडच्या एका बंदरातून मोटारीत बसायची लहान मुलांची सीट आणली. निळं जाड प्लास्टिक, दोन्ही बाजूंना हात टेकायला कठडे, बसायच्या जागेवर हसणारं अस्वल. गाडीच्या मागच्या सीटवर ही ठेवायची, मूल वर बसवायचं, म्हणजे ते पट्ट्याच्या उंचीला येतं. दार मंजुळाने उघडलं. देवरामांनी तिच्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं. "वाढलीस की गं," ते म्हणाले, आणि त्यात थोडी तक्रार होती.

दुसरं एखादं घर असतं तर त्या सीटमध्ये एव्हाना तुळस लागली असती. पण खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती आणि ती कुंडलिकरावांच्या हाती लागली. त्यांनी ती घरी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा कचेरीत, डिक्शनरी घेऊन. तिच्यात म्हटलं होतं की मूल मोठं झालं हे आईबापांनी मनाने ठरवू नये. वयाचा संबंध नाही. उंची चार फूट नऊ इंच होईपर्यंत मुलाला ही सीट लागते म्हणजे लागते. शिवाय पाच कसोट्या दिल्या होत्या. पाठ पूर्ण टेकते का, गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, वरचा पट्टा मानेवर न येता खांद्यावर येतो का, खालचा पोटावर न चढता मांडीलगत राहतो का, आणि सबंध प्रवासात मूल असंच बसून राहतं का. कुंडलिकरावांनी प्रत्येक कसोटीखाली लाल रेघ ओढली. जगाच्या पाठीवर कुठेतरी कोणीतरी पोराने बसावं कसं याचाही नियम केला होता, आणि त्याला कलमं होती.

मंजुळाला दाराच्या चौकटीला उभं केलं. चार फूट सहा. "पात्र," कुंडलिकराव म्हणाले.

प्रकरण साधं नव्हतं. येत्या रविवारी डोंबिवलीला, कोपरला, मालनबाईंच्या माहेरी त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मंजुळाच्या वयाच्या सगळ्या बहिणी तिथे आधीच जमल्या होत्या. मंजुळा शाळेच्या खो-खो संघाची नुकतीच कप्तान झाली होती आणि ही बातमी तिने पत्राने कळवून ठेवली होती. अशा मुलीने अस्वलावर बसून मांडवात उतरायचं म्हणजे पुढची दहा लग्नं तरी तिला तेच ऐकावं लागलं असतं. पण ती रडली नाही. तिने पुस्तिका मागून घेतली, पाचवीपासूनच्या इंग्रजीच्या बळावर ओळीखाली बोट ठेवून वाचली आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, यात वय कुठे लिहिलंय?"

"वयाचा प्रश्नच नाही. प्रश्न उंचीचा आहे."

"मग मम्मीची मोजा."

हलक्या कुवतीचा बाप असता तर त्याने डोळे वटारले असते. कुंडलिकराव उठले आणि त्यांनी टेप घेतला. मालनबाई चार फूट आठ भरल्या. रंगूबाई चार फूट पाच. (तरुणपणी आपण पाच फूट होतो, बाकीचं खाडीच्या वाऱ्याने झिजलं, असा त्यांचा दावा होता. तो पुराव्याअभावी फेटाळण्यात आला.) स्वतः कुंडलिकराव या मोजणीत आले नाहीत. नियम राबवणारा नियमाच्या कक्षेत येत नाही, हे त्यांना कचेरीतल्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. गाडी चालवताना समोरचा रस्ता दिसावा म्हणून ते चौघडी टॉवेल खाली घेत, तो त्यांच्या मते पाठदुखीसाठी होता.

पात्र उमेदवार तीन आणि जागा एक. असली परिस्थिती हाताळण्यात कुंडलिकरावांची हयात गेली होती. त्यांनी सेवाज्येष्ठता लावली आणि सीट रंगूबाईंना मंजूर झाली.

"मना नुको," रंगूबाई म्हणाल्या. "मी काय बारकी पोर हाय?"

त्यांना समजावून गाडीत बसवलं. गाडी जुनी फियाट होती, मागच्या सीटला पट्टे नव्हतेच. पण वस्तू नाही म्हणून नियम अडून राहत नसतो. शेजारच्या होडीवरचा नायलॉनचा दोर आला, तो खांद्यावरून आणि मांडीवरून घेतला आणि गाठ खुद्द रंगूबाईंनीच मारली, कारण मुलाची गाठ त्यांना पसंत पडेना. मग गल्लीतल्या लोकांच्या साक्षीने कसोट्या झाल्या. पाचवीत घोळ झाला. फियाटच्या रेक्झिनवर नुसतं बसलेला प्रत्येक जण घसरत होता, हौसेने तपासून घ्यायला आलेले पावणेसहा फुटी शेजारीसुद्धा. एकट्या रंगूबाई, निळ्या सीटवर, घट्ट बसून होत्या. नियमाचा इतका उघड विजय कुंडलिकरावांनी कचेरीतही पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी गाडी निघाली. स्टिअरिंगवर कुंडलिकराव. शेजारी मालनबाई, मांडीवर आहेराच्या साड्या, पायांशी फुलांची टोपली. मागे मधोमध रंगूबाई, उजवीकडे लाडवांचा डबा, डावीकडे देवरामांची बॅग. (देवराम आदल्या दिवशीच पुढे गेले होते.) कळवा गेलं, मुंब्रा आलं, आणि रंगूबाईंच्या लक्षात आलं की गाडीला खिडक्या आहेत. इतकी वर्षं या गाडीतून जाताना त्यांना पुढच्या सीटची पाठ आणि वर थोडं आभाळ एवढंच दिसत आलं होतं. आता सगळा मुलूख दिसायला लागला. शीळफाट्यापर्यंत त्यांनी डोंगर, ढाबे, ट्रकमागची अक्षरं अशा सर्वांवर आपलं मत दिलं. फाट्यावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांची मासळी त्यांनी चालत्या गाडीतून नापास केली आणि ते त्यांना ओरडून कळवलंही. मालनबाईंनी एकदा हळूच विचारलं, की अर्ध्या वाटेत बदली करायची का.

"मना उतरवू नुको," रंगूबाई म्हणाल्या. "आता कुठं रस्ता दिसतंय."

कोपरला मांडवाच्या तोंडाशी गाडी थांबली. दार उघडलं, गाठ सुटेपर्यंत मंडळी जमली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रंगूबाई उंच निळ्या परदेशी आसनावरून पायउतार झाल्या. त्या वयाच्या बायका पुढे झाल्या. कोणी कठड्याला हात लावून पाहिला, कोणी अस्वल हा कुठला देव असं विचारलं. अर्ध्या तासात कुंडलिकरावांना एकेकीला सीटवर बसवून स्टेशनपर्यंत फेऱ्या माराव्या लागल्या. नियम कडक होता, चार फूट नऊच्या आत. पण त्या पिढीत कोपरला अपात्र कोणी सापडेना.

हे सगळं कल्याणहून आलेल्या सगुणाबाई पाहत होत्या. सगुणाबाई म्हणजे नवऱ्या मुलाची आई. त्यांना मांडवातली घडीची लोखंडी खुर्ची दिली होती आणि तिचा एक पाय आखूड होता. नवरीकडची एक म्हातारी, तीही नवरीच्या आत्याची सासू, सिंहासनावरून येते आणि वरमाय डुगडुगत्या खुर्चीवर बसते, याचा जो अर्थ होतो तो त्यांनी काढला. त्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने निरोप आला, की मारुतीच्या देवळापासून वरात निघेल ती वरमाय त्या सीटवर बसल्यावरच. एरवी नवरा मुलगा देवळातच बरा आहे.

कुंडलिकराव टेप घेऊन गेले. पाच फूट एक इंच. "अपात्र," ते म्हणाले.

बॅण्डवाले वाजवायचे थांबले. नवरीचा बाप हात जोडून उभा राहिला, आधी सगुणाबाईंपुढे आणि मग कुंडलिकरावांपुढे. देवराम गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, अमेरिकेत यात लहान पोरं बसतात हो. कोणीही विश्वास ठेवला नाही. बोटीवरची माणसं वाटेल ते सांगतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मुहूर्त जवळ येत होता. आत नवरी पिवळ्या साडीत बसून होती आणि कोणीतरी तिला सांगितलं होतं, की मापात अडलंय.

कुंडलिकरावांनी टेप गुंडाळला आणि पुन्हा उलगडला. आजवर त्यांनी कोणाला सवलत दिली नव्हती, साहेबाच्या मेहुण्यालाही नाही. पण साहेबाच्या मेहुण्यामुळे कोणाची मुलगी मांडवात बसून राहिली नव्हती. तेवढ्यात मंजुळा त्यांच्या कोपराशी येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, चपला काढून मोजायची असते. पुस्तकात आहे. आणि अंबाडा धरत नाहीत."

चपला काढल्या, दीड इंच गेला. अंबाडा आणि गजरा वगळला, आणखी इंच गेला. टेप चार फूट साडेदहावर आला आणि तिथे अडला. मग सगुणाबाईंनी समोर पाहत, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, शालूच्या आत गुडघे वाकवले. वरपक्ष स्वतःहून खाली आल्याचं कोपरमधलं हे पहिलं उदाहरण होतं, आणि दुसरं अजून नोंदलेलं नाही. कुंडलिकरावांना गुडघे दिसले. त्यांनी मांडवाच्या झालरीकडे पाहिलं आणि वाचलं, "चार फूट पावणेनऊ." बॅण्ड इतक्या जोरात सुरू झाला की अस्वलावर बसलेल्या सगुणाबाईही दचकल्या.

लग्न लागलं. सीट अर्थातच मान म्हणून कल्याणला गेली आणि तिथे टीव्हीशेजारी बसली. कोपरला त्यानंतर बायकांनी उंची वाढवून सांगायचं सोडून दिलं, ही सामाजिक सुधारणा वेगळीच. कुंडलिकरावांना परतीच्या वाटेत राहून राहून त्या पावणेनऊची टोचणी लागली होती, पण आत्याबाईंच्या यजमानांनी लग्न वाचवलं असं निघताना प्रत्येकाने म्हटल्यामुळे ती सुसह्य होती. शीळफाट्याजवळ एक टेम्पो आडवा आला आणि त्यांनी ब्रेक दाबला. मालनबाईंनी समोर हात टेकले. रंगूबाईंनी सीट गेली तरी दोर सोडला नव्हता, त्या जागच्या हलल्या नाहीत. माहेरून मिळालेल्या पितळी हंड्याला मात्र चांगला पोचा आला. त्यावर घरात महिनाभर चर्चा झाली, तांबटाकडे दोन खेपा झाल्या, आणि चूक टेम्पोवाल्याची ठरली.

इंच, पाव इंच धरून सगळ्यांच्या उंच्या ज्यांनी मन लावून वाचल्या, त्यांना आता गाडीत कोण कुठे होतं हे पाठ झालं असेल. मंजुळा जाताना आणि येताना पुढच्या दोन सीटांच्या मागच्या फटीत उभी होती. येताना हंडा तिच्याच हातात दिलेला होता. ब्रेक लागला तेव्हा त्याच्या काठावर तिचा पुढचा दात अर्धा तुटला. तो तुकडा गाडीत सापडला नाही. तू कुठे बसली आहेस, असं तिला दोन्ही वेळा कोणी विचारलं नव्हतं. बापाने नाही, आईने नाही, सगळा रस्ता दिसत असलेल्या आजीनेही नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्ही हसत होतात.