हजर, पण बेशुद्ध

जो माणूस डोळ्यांसमोर नाही तो काम करत नसणार, हा कोणत्याही सुव्यवस्थित ऑफिसचा पाया आहे. (डोळ्यांसमोरचा माणूसही करत नसतो, पण तो निदान दिसतो.) एकोणीसशे अठ्ठावन्न साली कतारमधल्या एका तेल कंपनीला ही जाणीव झाली, आणि ती करून देण्याचं श्रेय टाइम ऑफिसचे प्रमुख हॅलम साहेब यांचं.

साहेबांचं ऑफिस मेसईदच्या बंदरावर, पंख्याखाली. कंपनीची पाइपलाइन मात्र तिथून वाळवंट कापत थेट दुखानपर्यंत गेलेली. तिच्या मध्यावर मुनाफ मुकादमाची टोळी तंबू ठोकून राहायची. सगळे रत्नागिरीकडचे. गंज खरवडायचा, डांबर फासायचं, वाऱ्याने पाइप वाळूत गाडला की उकरून काढायचा, हे त्यांचं काम. ते होत होतं. पण होताना कोणी पाहत नव्हतं. म्हणजे प्रशासकीयदृष्ट्या होत नव्हतं.

साहेबांनी तंबूत वायरलेस बसवला. दर तासाला प्रत्येकाने स्वतः येऊन, स्वतःच्या तोंडाने नाव आणि चालू काम सांगायचं. आवाज नाही, तर माणूस गैरहजर. मेसईदला ऐकायला इनायत कारकून. हा बाणकोटचा, अक्षर सुरेख, स्वभाव भित्रा.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "सध्या काय काम चालू आहे?"

"तुझ्याशी बोलतोय," मुनाफ म्हणाला.

इनायतने 'संपर्ककार्य' असं लिहून घेतलं. साहेबांना शब्द आवडला.

तंबूपासून दूर काम चालू असलेल्या पाइपपर्यंत परत जाईतो पुढच्या हजेरीला निघायची वेळ व्हायची, त्यामुळे महिनाभरात गंज खरवडणं जवळजवळ बंद पडलं. पण पूर्वी काम होतं आणि पुरावा नव्हता. आता पुरावा होता आणि काम नव्हतं. यातलं फाइलला काय लावता येतं, हे उघड आहे.

जुलैच्या एका दुपारी, अशाच हजेरीला उन्हातून येताना टोळीतला अबूबकर कोसळला. चौघांनी उचलून तंबूत आणला. अंग तापलेलं, घाम आटलेला, डोळे वर गेलेले. मुनाफने वायरलेस धरला.

"इनायतभाई, अबूबकर बेशुद्ध आहे. गाडी पाठवा. लवकर!"

इनायतने साहेबांना सांगितलं. साहेब निर्दय नव्हते, नियमित होते.

"त्याची या तासाची हजेरी लागली का?"

"साहेब, तो बेशुद्ध आहे."

"म्हणजे गैरहजर. गाडी हजर माणसांसाठी असते. कामावर नसलेल्याला गाडी द्यायची म्हटली, तर तुमचा अख्खा रत्नागिरी जिल्हा गाडी मागेल."

या युक्तिवादात खोट काढता येत नाही. (मी बरीच वर्षं प्रयत्न केला आहे.) इनायतलाही काढता आली नाही. समोर नोकरी होती, पाठीमागे बाणकोटला आठ तोंडं होती, आणि कानात मुनाफ ओरडत होता, "अरे, जाईल रे तो!"

इनायत मराठीत म्हणाला, "मुनाफभाई, आवाज बदल. अबूबकर म्हणून तूच बोल. यल्ला, चल लवकर!"

खरखरीतून एक चिरका आवाज आला.

"अबूबकर बोलतोय. हजर."

"काम काय चालू आहे, विचार," साहेब म्हणाले.

इनायतने विचारलं. मुनाफला खोटं बोलायचा सराव नव्हता. "बेशुद्ध पडलोय," तो म्हणाला.

"काय म्हणतो?"

इनायतने खरं ते सांगितलं. "हजर आहे, साहेब. काम, बेशुद्ध पडणं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वेळेवर आहे. गाडी पाठवा."

गाडी गेली. साहेबांनी त्याच संध्याकाळी वरिष्ठांना कळवलं की नव्या पद्धतीत बेशुद्ध कर्मचाऱ्याशीही संपर्क राहतो, जे पूर्वीच्या कोणत्याही पद्धतीत शक्य नव्हतं. वरिष्ठ प्रभावित झाले. सगळ्या पाइपलाइनवर वायरलेस आले, आणि साहेबांच्या टेबलावर दुसरा पंखा.

टोळीनेही धडा घेतला. आता एकच जण तंबूत बसून सगळ्यांच्या आवाजात हजेरी देई आणि बाकीचे खुशाल गंज खरवडत. इनायत सुरुवातीला घाबरे. पुढेपुढे हळूच सूचना करू लागला, "उस्मानचा आवाज कालच्यापेक्षा जाड येतोय, सांभाळा." हजेरी शंभर टक्क्यांवर गेली आणि काम परत सुरू झालं, हे दोन्ही एकाच वेळी घडण्याची कंपनीच्या इतिहासातली बहुधा पहिली वेळ. साहेबांच्या निरोप समारंभात या यशावर तीन भाषणं झाली.

अबूबकर वाचला. पण गाडी साहेबांच्या होकाराची वाट पाहत थांबली, तेवढ्या वेळात त्याच्या डोक्याचं व्हायचं ते झालं. घरच्यांची नावं तो एकमेकांत मिसळू लागला. कंपनीने त्याला बोटीने परत पाठवलं. धक्क्यावर उतरवून घ्यायला आलेली बायको, रुकैया, समोर उभी राहिली, तेव्हा तो तिला अदबीने म्हणाला, "अबूबकर. हजर."

तो कसा आहे, हे भाषणं संपेपर्यंत ऑफिसात कोणी विचारलं नव्हतं. पण ऑफिसला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो तंबूत पडला होता आणि हे वाचताना तुम्ही साहेबाला हसत होतात. अर्थात त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही शेवटपर्यंत हजर होतात, आणि आमच्या दृष्टीने तेवढं पुरेसं आहे.