आले तर परळलाच येतील

परग्रहावरची माणसं कधीकाळी पृथ्वीवर उतरलीच, तर ती आधी परळला येतील, याबद्दल कमलमावशीला तिळमात्र शंका नाही. अमेरिकेत उतरतात ती फक्त सिनेमातली. "खरी असतील तर परळलाच येणार," असं ती भाजी निवडता निवडता सांगते, आणि ते अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यांचं पत्र आलेलं आहे. त्यांच्यासाठी म्हणून तिच्या दिवाणाखाली एक जादा गादी गुंडाळून ठेवलेली असते. पाहुण्यांची उंची माहीत नसल्यामुळे ती साडेसात फुटांची करून घेतली आहे. गादीवाल्याने विचारलं होतं, "घरात एवढं उंच कोण आहे?" मावशी म्हणाली, "अजून आला नाही."

मावशी आमच्याच इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहते. वय अडुसष्ट. तिचे यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नाही. परळच्या एका मोठ्या इस्पितळात तिने पस्तीस वर्षं केसपेपरच्या खिडकीवर काढली. ज्यांच्यावर अशा इस्पितळाची पायरी चढायची वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. केसपेपर म्हणजे पेशंटचं नाव, गाव, वय आणि तक्रार लिहिलेला कागद. तो निघेपर्यंत तुम्ही कितीही कण्हलात तरी आजारी धरले जात नाही.

या खिडकीतून मावशीने जगाला तीनच प्रश्न विचारले. कुठून आलात, पेशंट कोण, सोबत कोण आहे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी दार उघडलं की तोंडातून हेच बाहेर पडतं. कुरिअरवाल्याला विचारते, गॅसवाल्याला विचारते. एकदा मतं मागायला एक उमेदवार पंचवीस माणसं घेऊन वर आला. मावशी म्हणाली, "सोबत एकच थांबेल. बाकीचे खाली जा." आणि चोवीस माणसं मुकाट्याने खाली गेली. माझ्या पुतणीला बघायला आलेली मंडळी मजला चुकून तिच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिने "पेशंट कोण?" विचारताच मुलाच्या आईने पटकन मुलाकडे बघितलं. ते स्थळ आम्ही सोडलं. आमची वहिनी अजून मावशीचे उपकार मानते.

परग्रहाचं वेड तसं अलीकडचं. आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि मावशीला चौदावा मजला मिळाला. चाळीत तिच्या खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडाचे वाळत घातलेले बनियन दिसायचे. इथून एकदम आभाळच दिसायला लागलं, आणि एवढ्या आभाळाचं करायचं काय, हे तिला कळेना. त्यात भाच्याने मोबाईल दिला. महिन्याभरात ती प्रकाशवर्षांबद्दल असं बोलायला लागली जसं कोणी करी रोड ते घोडपदेव अंतर सांगावं.

मी नोकरी विम्याच्या कंपनीत करत असलो तरी वर्तमानपत्राची विज्ञान पुरवणी नेमाने वाचतो. त्यामुळे या विषयात आपल्या शब्दाला वजन असेल, असा माझा समज होता.

"मावशी, ते पाण्यासाठी येतील," मी म्हणालो.

"मुंबईत? सकाळी पन्नास मिनिटं येतं, तेपण करंगळीएवढं. त्याच्यासाठी कोण येतंय एवढ्या लांबून?"

"मग सोन्यासाठी."

"भाव बघितलास?"

"आपल्याला गुलाम करायला येतील."

"परबांना एकदा जिना झाडायला लावून दाखव," मावशी म्हणाली. "मग बोलू." परब हे आमच्या सोसायटीचे चेअरमन.

"मग कशाला येतील ते तूच सांग."

"सुध्या, लांबून माणूस कशाला येतो रे? हौसेने येणारे माथेरानला जातात. पण कधी न बघितलेल्या गावात, पिशवीत भाकऱ्या बांधून, दोन दोन दिवस प्रवास करून जो येतो ना, त्याच्या घरात कोणीतरी आजारी असतं. त्यांच्याकडेपण असेल कोणी. तिकडच्या डॉक्टरने सांगितलं असेल, आता आमच्या हातात नाही, मोठ्या ठिकाणी दाखवा." मावशीने मेथीची काडी मोडली. "मोठं ठिकाण म्हटलं की परळच."

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं होतं, 'बुद्धिमान परग्रहवासी पृथ्वीवर का येतील?' विषय मीच सुचवलेला. प्राध्यापक छान बोलले. शेवटी म्हणाले, खरी अडचण भाषेची आहे. त्यांच्याशी बोलायचं तर गणितातून बोलावं लागेल. मावशी पहिल्याच रांगेत होती. ती उठली.

"भाषेचं काही अडत नाही, सर. माझ्या खिडकीवर आसामचे यायचे, ओडिशाचे यायचे, नेपाळचे यायचे. मला मराठी येते आणि मोडकंतोडकं हिंदी. केसपेपर सगळ्यांचे झाले."

"ते कसे काय?" प्राध्यापकांनी कौतुकाने विचारलं.

"माणूस आधी जिथं दुखतं तिथं हात ठेवतो. त्याला तुम्ही आकडे दाखवलेत तर घाबरेल तो."

"पण समजा, त्यांना हातच नसले तर?"

मावशीने नीट विचार केला. "मग सोबतच्याला विचारायचं," ती म्हणाली आणि खाली बसली. सर्वात जास्त टाळ्या तिलाच पडल्या. प्राध्यापकांनी जाताना तिचा नंबर घेतला, माझा घेतला नाही.

आता त्या लांबलचक गादीवर परग्रहावरचे येईपर्यंत कोण झोपतं, तेही सांगायला हवं. इस्पितळाच्या बाहेर फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि त्यांची माणसं पथारी टाकून असतात. मावशी रोज सकाळी तिथून एक फेरी मारते आणि जे अगदीच टेकीला आलेले दिसतील त्यांना घरी घेऊन येते. एका वेळी दोन माणसं. उपचार संपेपर्यंत राहायचं, जे शिजेल ते खायचं. याला ती रंगीत तालीम म्हणते. "ते आले आणि आपल्याला पाहुणचार जमला नाही, असं नको व्हायला."

चाळीत याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. टॉवरला मात्र गेट असतं, गेटवर तिवारी नावाचा वॉचमन असतो आणि तिवारीच्या मोबाईलमध्ये ॲप असतं. आत येणाऱ्याने येण्याचं कारण सांगायचं. त्यासाठी चार चौकोन आहेत. डिलिव्हरी, टॅक्सी, पाहुणे, दुरुस्ती. मावशीने ते बघून विचारलं, "यात आजारपण कुठंय?" तिवारी म्हणाला, "माताजी, कंपनीने दियाही नहीं." पाहुणे लिहिलं की नातं विचारतात, म्हणून शेवटी तो तिची सगळी माणसं दुरुस्तीत घालायला लागला. मावशीला ते एकदम पटलं.

परबांना पटलं नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं दिसतात, चौदाव्या मजल्यावर नऊवारी वाळत असते, ओकारीचा आवाज येतो, अशा तक्रारी त्यांच्याकडे यायला लागल्या. त्यांनी ठराव आणायचं ठरवलं. रक्ताचं नातं नसलेल्या कोणालाही सभासदाने घरात मुक्कामाला ठेवू नये. सोसायटीचा सेक्रेटरी मी. ठराव लिहिला मी, आणि त्याची नोटीस घेऊन मावशीच्या दारातही मलाच जावं लागलं.

त्या वेळी तिच्याकडे हिंगोलीकडचं एक जोडपं होतं. देवराव आणि त्यांची बायको गोदाबाई. गोदाबाईंना पंचवीस शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे होते आणि अकरा झाले होते. त्या आत पडलेल्या होत्या. देवराव जमिनीवर बसून त्यांच्यासाठी डाळिंब सोलत होते.

मावशीने नोटीस पूर्ण वाचली. "हे मंजूर झालं तर कधीपासून?"

"लगेच."

"अजून चौदा शेक आहेत तिचे." मावशीने कागदाची नीट घडी घातली. "मग फुटपाथवर तिला कुठली जागा द्यायची, तेपण ठरावात लिही."

लिफ्ट येईपर्यंत तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. चौदा मजले जिन्याने उतरलो.

रविवारी सकाळी सभा भरली. परबांनी सुरक्षिततेवर वीस मिनिटं भाषण केलं आणि शेवटी टाळी घ्यायची म्हणून म्हणाले, "कमलताई, उद्या परग्रहावरचे आले तर त्यांनाही ठेवून घेणार का तुम्ही?"

"केसपेपर असला तर ठेवीन," मावशी म्हणाली. लोक हसले. मग ती उभी राहिली.

"मला एवढंच विचारायचंय. रक्ताचं नातं पाहिजे म्हणता. पस्तीस वर्षं तुम्ही सगळे रांग सोडून माझ्या बाजूच्या दाराने आत यायचात, तेव्हा तुम्ही माझे कोण होतात?"

मावशीची नजर पहिल्या रांगेवरून फिरायला लागली.

"सावंत, तुमचा पित्ताशयाचा खडा. गणपतीचे दिवस होते. शिंदेबाई, तुमची पहिली वेळ, उलटं मूल. तो आता कुठे असतो, दुबईला ना? सुध्या, तुझा हर्निया. डावीकडचा."

मी सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. हे त्यात घ्यायचं की नाही, ते मला कळेना. एक सांगितलं पाहिजे, मावशी धमकी देत नव्हती. तिला खरंच एकेक आठवत होतं आणि आठवल्याचा आनंद होत होता. पण दुसऱ्या रांगेत खुर्च्या सरकायला लागल्या. प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवलं असावं.

"आणि परब, तुमचं तर काय विचारता. दोनदा ऑपरेशन. बिचाऱ्यांना बसता येत नव्हतं, तर मी वॉर्डातून ती रबराची चकती..."

"ठराव पुढे ढकलण्यात येत आहे," परब म्हणाले.

"मंजूर," सगळी सभा एका आवाजात म्हणाली. इतकं एकमत आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावरूनसुद्धा झालेलं नाही. तो ठराव पुन्हा कधी कोणी काढला नाही. फक्त केसपेपरची एक झेरॉक्स तिवारीकडे द्यायची, एवढं ठरलं.

गोदाबाईंचे राहिलेले चौदा शेक नीट पार पडले. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, आता घरी जा, पुढचं तिकडेच दाखवलं तरी चालेल. ते निघाले त्या दुपारी सामान उतरवायला मी वर गेलो होतो. देवरावांनी मावशीला हात जोडले आणि म्हणाले, "येतो, माय."

"येतो म्हणायचं नाही," मावशी म्हणाली. "जातो म्हणा."

देवराव गोंधळले. कोणाच्या घरून निघताना जातो म्हणणं आपल्याकडे अशुभ मानतात, तान्ह्या पोरालाही ते शिकवलेलं असतं. त्यांची जीभ वळेना. गोदाबाईंना मात्र आधी उमगलं. त्यांनी मावशीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जातो, माय." त्यांना खाली तिवारीच्या हवाली करून, टॅक्सीत बसवून मी वर आलो. मावशी दारातच उभी होती.

"सगळ्यांनाच असं म्हणायला लावतेस?"

"सगळ्यांनाच. परत आला म्हणजे दुखणं परत आलं. फोनपण करू नका सांगते. बाहेरगावचा नंबर दिसला की छातीत धस्स होतं माझ्या."

"म्हणजे बरं झालेलं कोणी कधीच परत येत नाही?"

"नाही. बरे झालेले घरी असतात ना आपल्या."

ती आत जाऊन खिडकीपाशी बसली. तिचा चेहरा पडलेला बघून मला वाईट वाटलं. तिला हसवावं म्हणून मी म्हणालो, "आणि परग्रहावरच्यांना काय सांगशील? जातो म्हणा?"

ती हसली नाही.

"सुध्या, आजारपणाचं मी सगळ्यांना सांगते ते सांगते. पण मला मनातून तसं वाटत नाही. एवढी हुशार माणसं ती. इतक्या लांब येण्याची अक्कल असलेली. त्यांनी दुखणीबिखणी कधीच संपवली असतील. पेशंटच नसेल त्यांच्यात कोणी."

"मग ती कशाला येतील?"

"उगाच. बसायला." तिने पदराने खिडकीची कड पुसली. "माझ्याकडे तसं कोणी आलंच नाही रे कधी."

मी पन्नास वर्षांचा आहे. जन्मापासून तिचा शेजारी. चाळीत तिच्या दाराशी संध्याकाळी कायम माणसं उभी असायची, पण प्रत्येकाच्या हातात रिपोर्ट असायचा. मीही रिपोर्ट घेऊनच गेलो, आईचा, बाबांचा, माझा. मग ठरावाची नोटीस घेऊन गेलो. नुसता कधी गेलो होतो का, हे आठवून बघितलं आणि मला लाज वाटली. मी दिवाणावर बसलो.

"काही काम होतं?" मावशीने विचारलं.

"नाही."

"घरी सगळं बरं आहे ना?"

"एकदम बरं आहे. बसतो जरा."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मी कुठे हात ठेवलाय का, ते बघत असावी. मग घाईघाईने उठली, उशी झटकून माझ्या पाठीशी दिली, पंखा वाढवला आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा जरा जास्तच आवाज यायला लागला. थोड्या वेळाने तिने आतून विचारलं, "साखर किती घेतोस रे तू?"

"दोन चमचे," मी म्हणालो.