रंगमास्तरांचे मार्क

आमच्या शेजारचे नरसय्या रंगमास्तर वाइन प्यायच्या आधी तिच्यात सूत बुडवत. पांढऱ्या सुताचा वीतभर धागा ग्लासात सोडायचा, पिळायचा, उन्हात धरून बघायचा. मग एक घोट. तो गालात इकडून तिकडे फिरवून, डोळे मिटून निकाल जाहीर करायचा, "एकेचाळीस." शंभरपैकी. पस्तिसाला पास.

तेव्हा सोलापुरात दारूला परमिट लागायचं. मास्तरांनी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काढलं होतं आणि त्यावर मिळेल ती स्वस्तातली लाल वाइन आणत. रोज दोन बोटं, थेंबभरही जास्त नाही. तीही संध्याकाळी पाचच्या उन्हात, ओट्यावर बसून. चादरीच्या कारखान्यात त्यांची उभी हयात सूत रंगवण्यात चालली होती. दिव्याच्या उजेडात रंग बघणारा माणूस त्यांच्या लेखी आंधळाच. "रंग उन्हात बोलतो की, गुरुजी," असं मला सांगत.

प्रत्येक बाटलीचा धागा वाळवून ते ओट्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगत आणि खाली खडूनं मार्क लिहीत. मी शेजारी राहायला आल्यापासून सात वर्षांत भिंत भरत आली होती. सगळ्यात वरचा धागा बासष्टचा. त्याच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवायचो. पोरगं रडवेलं झालं की दोन मार्क ग्रेस देऊन मोकळा व्हायचो. मास्तरांकडं ते खातंच नव्हतं. एकदा खुद्द कारखानदाराच्या जावयानं मुंबईहून महागाची बाटली आणून दिली. मास्तरांनी त्याच्यासमोर सूत बुडवलं, घोट घेतला आणि म्हणाले, "अठ्ठावीस. बाटली झ्याक हाय, पन आत कच्चा रंग हाय." जावई गेल्यावर ती बाटली दारातल्या कडुनिंबाच्या मुळाशी गेली. नापास बाटल्या सगळ्या तिथंच जायच्या.

हे सोंग असेल म्हणून मी एकदा गुपचूप दोन बाटल्यांतली वाइन एकाच ग्लासात ओतून पुढं केली. मास्तरांनी धागा उन्हात धरला आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, दोन लॉट मिसळलेत तुमी." त्या दिवशी मी या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

त्यांचा दरारा वाटत नव्हता तो फक्त राजम्मांना, म्हणजे त्यांच्या बायकोला. त्या आत दाराशी विड्या वळत बसायच्या. मास्तर रोज ग्लास उन्हात धरून म्हणत, "राजम्मा, बघ की रंग." त्या मान वर न करता म्हणत, "मला काय कळतंय त्यातलं." मास्तर ग्लास खाली घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला फार वाईट वाटायचं. एवढा मोठा परीक्षक, आणि निकाल ऐकायला कोण, तर मी.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी हार-नारळ घेऊन घरी आले, तर राजम्मांनी पदराखालून बाटली काढली. परमिटाची वही घेऊन त्या स्वतः दुकानात गेल्या होत्या. बाईमाणूस, भर दुपारी, दारूच्या दुकानात! अक्षरओळख नव्हती म्हणून भिंतीवरचा सगळ्यात वरचा, बासष्टचा धागा काढून नेला आणि दुकानदाराला एकेक बाटली उन्हात धरायला लावली.

"अर्दा तास उबी व्हते," त्या म्हणाल्या. "बगा, ह्यो धागा आनि ही बाटली. रंग एकच हाय का न्हाय?"

मास्तरांनी बाटली उन्हात धरली. त्यांचा चेहरा पडलेला फक्त मलाच दिसला. वाळलेल्या नमुन्यावरून ओला रंग जुळवायचा नाही, हा रंगाऱ्याचा पहिला धडा. तो धागा ओला होता तेव्हा जांभळट लाल होता. भिंतीवर वाळून तो विटकरी झाला होता. त्याला जुळणारी म्हणून राजम्मांनी दुकानातली नेमकी जुनी, बिघडून विटलेली बाटली निवडली होती.

विड्यांचं सूप बाजूला सारून त्या मास्तरांच्या समोर येऊन बसल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. मला धडकीच भरली. मास्तरांनी नापास म्हटलं, तर ही बाई पुन्हा ओट्यावर फिरकणार नव्हती. आणि पास म्हटलं, तर त्या भिंतीला काय अर्थ उरला?

मास्तरांनी सूत बुडवलं. घोट घेतला, गालात फिरवला, डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ.

"पासष्ट," ते म्हणाले.

"बासष्टच्या वर?" राजम्मांनी विचारलं.

"वर."

राजम्मा लाजून चिवडा आणायला आत पळाल्या. तेवढ्यात मी एक घोट घेऊन बघितला. चिंचेचं पाणी परवडलं. मी तोंड उघडणार, तोच मास्तर हळूच म्हणाले, "गुरुजी, पेपर फोडू नका."

ती बाटली ते रोज दोन बोटं करत पंधरा दिवस प्याले. कडुनिंबाला थेंब मिळाला नाही. राजम्मा रोज शेजारी बसायच्या. ग्लास वर धरला की आता विचारावं लागत नसे. त्या आपणहून म्हणत, "आज जरा तांबूस दिसतोय की." आणि मास्तर अशा काही समाधानानं मान हलवत की मला उगीचच भरून यायचं.

पुढच्या महिन्यात राजम्मा पासष्टचा धागा घेऊन दुकानात गेल्या आणि हुबेहूब तसलीच बाटली घेऊन आल्या.

मास्तरांनी ती उन्हात धरली. एकदा माझ्याकडं बघितलं. मग सूत बुडवलं, घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले,

"सहासष्ट. सुधारली की!"