हिलालआप्पांचा नळ

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. यंदाच्या उन्हाळ्यात, सोसायटीचा प्रमुख या नात्याने, मी हिलालआप्पांच्या ओट्याजवळच्या सामाईक नळाला कुलूप घातलं.

आमची सोसायटी सुरतेत, गोडादऱ्याला. आप्पा कोपऱ्यातल्या घरात एकटेच राहतात. उभं आयुष्य कापडाच्या लूमवर, यंत्रांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे कानांनी कमी ऐकतात आणि तोंडाने जास्त बोलतात. नव्या माणसाला ते नाव विचारत नाहीत, जात तर नाहीच नाही. ओट्यावर बसवतात, नळाचं पाणी देतात आणि विचारतात, "तुनी नदी कोनती?"

माणूस गडबडतो. गॅसवाला एकदा सिलिंडर खांद्यावर घेऊन विचार करत उभा राहिला होता. समोरचा धुळ्याचा निघाला की आप्पा खूश. "पांझरा! म्हंजे तापीमा पडस. आपलाच शे." चाळीसगावचा म्हणजे गिरणेचा, तोही आपलाच. खानदेशातल्या नद्या तापीला मिळतात आणि तापी सुरतेला येते. त्यामुळे आप्पांच्या मते आम्ही खानदेशी पोटासाठी वगैरे इथे आलेलो नाही, पाण्यामागून आलोय. सौराष्ट्रातल्या मनसुखभाईंनी आपली नदी कोरडीच असते असं सांगितलं, तर आप्पा हळहळले, "अरेरे! मंग दोन गिलास पी."

मी अमळनेरचा. इथल्या मिलमध्ये नोकरीला लागलो तेव्हा पहिला महिना रडकुंडीला आलो होतो. आप्पांनी बोरी नदीचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "मंग घाबरस कसाले? तुन्या गावनं पानी तुन्या आधीच इथे पोचेल शे." बोरीला बारा महिने पाणी तरी कुठे असतं? पण त्या रात्री मला झोप लागली. त्या एका वाक्याचे उपकार मी कधी विसरलो नाही. म्हणजे, कुलूप आणेपर्यंत तरी नाही.

झालं असं. मागच्या गल्लीतल्या खोल्यांत लूमवर काम करणारे ओडिशाचे कारागीर राहतात. दिवसपाळीवाले उठून गेले की त्याच अंथरुणांवर रातपाळीवाले आडवे होतात. खोल्यांना नळ नाही, म्हणून ते आमच्या नळावर बाटल्या भरायचे. त्यांच्यातल्या बनमाळीने आपली नदी ऋषिकुल्या सांगितली, तेव्हा आप्पा चार दिवस बेचैन होते. "ती तं उलटी वाहस रे! पार तिकडला समुद्रमा." शेवटी तोडही त्यांनीच काढली. "असू दे. समुद्र समुद्रले भेटतच असतीन."

मे महिन्यात पाण्याचा दाब कमी झाला आणि बैठकीत सूर निघाला, "बाहेरचे लोक आपलं पाणी नेतात." बाहेरचे! बोलणारे आम्ही कोणी जळगावचे, कोणी अमरेलीचे. मला ते कळत होतं. तरी चार लोकांत वाईटपणा नको म्हणून मी कुलूप आणलं.

आप्पा भांडले नाहीत. त्यांनी घरातलं पिंप ओट्यावर आणलं, घरात येणारं पाणी त्यात भरलं, वर पेला उपडा ठेवला आणि कारागिरांच्या बाटल्या त्यातून भरायला सुरुवात केली. आता दारात गर्दी होते अशी तक्रार आली. मी समज द्यायला गेलो, तर मोरीत बादली कोरडी ठणठणीत. आप्पांच्या अंगातला सदरा घाम वाळून कडक झालेला. आपल्या वाट्याचं पाणी आप्पा बाहेर देत होते आणि स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसत होते.

"आप्पा, हे काय?"

"काही नई. उन्हाळामा आंघोळ कोन करस?"

एरवी मी हसलो असतो. आज त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "आप्पा, तुमची नदी कोणती?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तापीच. काठले घर व्हतं. उकाईनं धरन झायं, गाव पानीमा गयं. ल्हान व्हतू मी." मग नळाकडे बघत म्हणाले, "हाई पानी मना गाववरतून येस, भाऊ. कोनी घोटभर पी गया, का माले वाटस, मना त्या घर पाव्हना उना."

किल्ली माझ्या खिशातच होती. कुलूप काढलं आणि म्हटलं, "आप्पा, चुकलो मी."

"माले काय सांगस? त्यासले सांग."

पाळी बदलायच्या वेळेला मी त्यांच्या लूमच्या कारखान्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून बनमाळीला हाताला धरून बाहेर आणलं. त्याचा चेहरा उतरला. आता हा माणूस ते पिंपही बंद करणार, असं त्याला वाटलं असावं. मागे त्याचे सोबती रिकाम्या बाटल्या घेऊन थांबले होते.

"भाई, ताला मैंने लगाया था," मी म्हणालो. "गलती मेरी थी. माफ करना. सबको बोलो, पानी भरने आओ."