जाधवकाकांचं जॉर्जटाऊन

आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये कुठल्याही गावाचं नाव घेण्याआधी माणसं जाधवकाका आसपास नाहीत ना, ते बघून घेतात. कारण गाव कुठलंही असो, काकांचा प्रश्न ठरलेला. "कुठलं?"

मुलगी हैदराबादला असते म्हणालात, की "कुठल्या? आपल्या की सिंधमधल्या?" बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'कुठलंकाका' म्हणतात. काकूंनी तर हे बघण्याच्या कार्यक्रमापासून सोसलंय. "मी म्हटलं, आमचं गाव पिंपळगाव. यांनी लगेच विचारलं, कुठलं? मला वाटलं, स्थळ गेलं."

वरच्या मजल्यावरच्या सावंतांच्या मुलीचं लग्न दादरला होतं. जावई नव्या नोकरीवर बर्मिंगहॅमला निघालाय, असं सावंत पंगतीत सांगत फिरत होते. काकांनी हातातली जिलबी ताटात ठेवली.

"कुठल्या बर्मिंगहॅमला?"

"काका, बर्मिंगहॅम एकच. इंग्लंडातलं."

"अमेरिकेतही आहे. अलाबामा राज्यात. विचारून घ्या."

सावंतांनी जावयाला स्टेजवरून खाली बोलावून विचारलं. तो अलाबामालाच निघाला होता. सावंत सगळ्या भावकीला 'लंडनच्या जवळच' असं सांगून बसले होते. तेव्हापासून काकांसमोर ते एवढंच म्हणतात, "जावई परदेशात असतो."

काका विमा कंपनीतून रिटायर झालेले. घरातही इस्त्रीचा शर्ट. सकाळी जिन्यात भेटले की "जय भीम, मंगेश" म्हणणार आणि कुठलं तरी बंदर काढणार. त्यातही लाडकं एकच, जॉर्जटाऊन. मलेशियातलं पेनांगचं जॉर्जटाऊन इंग्रजांनी आपल्या राजाच्या नावानं वसवलं. गयानातलं आधी डचांचं, तेव्हा नाव वेगळं होतं. भरतीच्या वेळी ते शहर समुद्राहून खाली असतं, म्हणून किनाऱ्यानं भिंत बांधलीय. केमन बेटांवरच्या जॉर्जटाऊनला पूर्वी लोक डुकरांच्या खोपटांवरून ओळखायचे. "राजाचं नाव मिळालं आणि डुकरं इतिहासजमा झाली," असं म्हणून काका एकटेच हसायचे. मी ऑफिसला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघायचो.

गेल्या वर्षी मला ऑडिटसाठी चेन्नईला जायचं होतं. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "मीही येतो." विचारलं नाही, सांगितलं.

तिथे माझं काम संपल्यावर मी म्हटलं, चला, मरिना बीचवर जाऊ. काका म्हणाले, "जॉर्जटाऊनला."

"काका, ती इथली एक पेठ आहे. शहर नाही."

"माहीत आहे. बंदराला लागून आहे. आणि तिचा जॉर्ज राजाही वेगळा. पण जवळचं आधी."

मग दुपारभर आम्ही त्या गल्ल्यांमधून फिरलो. जहाजाच्या सामानाची दुकानं, जुने लॉज, चहाच्या टपऱ्या. प्रत्येक ठिकाणी काका खिशातून एक फोटो काढायचे आणि मोडक्या इंग्रजीत विचारायचे. बेलबॉटम घातलेला, केस वाढवलेला एक तरुण. लोक फोटो बघायचे, मान हलवायचे, परत द्यायचे. काका थँक्यू म्हणून पुढच्या दुकानात.

शेवटी एका हॉटेलात कॉफी घेताना मी विचारलं, "कोण हा?"

"सुधाकर. माझा धाकटा भाऊ. गिरणी बंद पडली, तेव्हा एका एजंटानं त्याला बोटीवर लावलं. मग बऱ्याच महिन्यांनी एक खलाशी चाळीत निरोप घेऊन आला. सुधाकर जॉर्जटाऊनला उतरला, तो परत बोटीवर चढलाच नाही."

"पण कुठल्या..." म्हणता म्हणता मी थांबलो.

"तेच. त्या खलाशालाही दुसऱ्यानं सांगितलेलं. एजंटाच्या ऑफिसला कुलूप. बोट कुठल्या देशाची, तेही आम्हाला धड माहीत नव्हतं." काकांनी फोटो रुमालाने पुसला. "आई म्हणाली, मला नकाशात दाखव. मी बघितलं तर जॉर्जटाऊन एक नाही. तिला काय सांगू? पेनांगवर बोट ठेवलं. नकाशात त्यातल्या त्यात तेच जवळ दिसत होतं. आई म्हणाली, मग येईल तो. ती गेली तोवर बाकीची जॉर्जटाऊन मी तिला सांगितली नाहीत."

"काका, इतक्या वर्षांनी..."

"असला तर पासष्टीचा असेल. पासष्टीची माणसं असतात की."

हिवाळ्यात काका एका टूरबरोबर मलेशियाला गेले. पेनांगला सगळे देवळात गेले आणि काका बंदराकडे. टूरवाल्या मुलीने घाबरून काकूंना फोन केला, तुमचे मिस्टर हरवलेत. काकू म्हणाल्या, "ते हरवलेले नाहीत. ते शोधतायत." संध्याकाळी काका स्वतःहून हॉटेलवर आले.

परतल्यावर मी भेटायला गेलो. काकांनी सुपारीची पिशवी पुढे केली. "तिथे नाही," म्हणाले. आणि लगेच, "गयानाला जायचं तर पिवळ्या तापाची लस लागते. कुठे देतात, बघशील?"

मागच्या आठवड्यात मी दोघांना लसीच्या केंद्रावर घेऊन गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी काकांचं वय बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "आजोबा, या वयात ही लस त्रास देऊ शकते. जायलाच हवंय का?"

"हो."

"तिकडे कोण आहे तुमचं?"

"भाऊ," काका म्हणाले. मग जरा थांबून, "असला तर."

डॉक्टरबाईंनी बरंच तपासलं, बरंच विचारलं. धोके समजावले, आणि अखेर लस दिली. काका शर्टाची बाही खाली करत उठले, तर काकू त्याच खुर्चीत जाऊन बसल्या. त्या नुसत्या सोबतीला आल्यात असं मला वाटलं होतं. काकांनाही.

"तू कशाला?" काका म्हणाले.

"तुमची नजर अधू झालीय," काकू पदर सारून दंड पुढे करत म्हणाल्या. "भावोजींचं चालणं मी लांबून ओळखेन."