दुसऱ्या सत्राचा पहिला दिवस

दिवाळीची सुट्टी संपली की कॉलेजचं दुसरं सत्र उघडतं आणि त्या दिवशी वर्गात काळं कुत्रंही फिरकत नाही, याबद्दल सालेकशाच्या टिकारामची पक्की खात्री होती. चाळीस वर्षांपूर्वी गोंदियाच्या कॉलेजात बी.ए.ची तीन वर्षं त्याने अशीच काढली होती. भाताची रोवणी आटोपली की पहिलं सत्र, धानाच्या कापणीला सुट्टी, मग दुसरं सत्र आणि मोहफुलं पडायच्या सुमारास वर्षाची एकुलती एक परीक्षा. विद्यापीठाने सत्रं धानाकडे बघूनच आखली असणार, अशी त्याची समजूत होती.

म्हणून तेव्हाचा वर्गमित्र आणि जिवलग दोस्त नंदलाल कायमचा मुलाकडे बंगळुरूला निघाला, तेव्हा टिकारामने त्याला हाच दिवस दिला. रिकाम्या वर्गात, शेवटच्या बाकावर, पोटभर गप्पा मारायच्या. पुन्हा भेट होईल न होईल. बायको धुरपता म्हणाली, शेजारची प्राची त्याच कॉलेजात आहे, तिला एकदा विचारा.

"कालची पोरगी ते, तिले काय मालूम?" टिकाराम म्हणाला.

गोंदियाला दोघे पोहोचले तर फाटकाशी ही गर्दी! आता सहा-सहा महिन्यांचं सेमिस्टर, आणि आजच पहिला पेपर. नंदलालची गाडी संध्याकाळची.

"काऊन बे, म्हातारपणी पेपर द्याले आणला का मले?"

टिकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गाच्या दारात पर्यवेक्षणाला उभ्या असलेल्या रेणू मॅडमना त्याने जुन्या सत्रांची सगळी कहाणी ऐकवली. वर्षाला एकच परीक्षा म्हटल्यावर त्या बिचाऱ्या हळहळल्या. पण आत परीक्षेच्या कामाशिवाय कुणालाच सोडत नव्हते. तेवढ्यात कळलं, मुलांना पाणी देणारे दोन्ही गडी धानाच्या मळणीसाठी दांडी मारून बसलेत. धानाने कॉलेजवरचा हक्क अजून सोडला नव्हता म्हणायचा! मॅडमनी प्राचार्यांना विचारलं आणि दोघांच्या हाती पाण्याचे जग दिले. अट एकच, वर्गात चकार शब्द काढायचा नाही.

पाणी देऊन झालं की दोघे शेवटच्या बाकावर येऊन बसत. चाळीस वर्षांच्या गप्पा ओठांवर आणि मॅडमची नजर दोघांवर. नंदलाल नुसता खाकरला तरी त्या वर बघत. टिकारामला आधी स्वतःचाच राग आला. मग दोस्ताचा खांदा खांद्याला लागला आणि त्याला एकदम भरून आलं.

तीन तासांनी घंटा झाली. बाहेर आल्यावर नंदलालने तोंड उघडलं.

"टिकाराम, तीन वर्सांत आपण या वर्गात एवढा वेळ कधी बसलोच नव्हतो गा."