बासरी फार सुरेख

दिग्रसच्या बसस्टँडवर कानात इअरफोन घालून बसलात आणि खांद्यावर मागून एक जाड बोट टोचलं, तर दचकू नका. पाकीटमार नाही, आमचे रामधनभाऊ राठोड आहेत. समोर येऊन ते तुमच्या मांडीवर वही ठेवतील आणि स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारतील, "काय ऐकून राह्यला बाप्पा? चांगलं हाय? मंग लिहून दे."

गाण्याचं नाव तोंडी सांगितलेलं चालत नाही. "लिही. माहं शुद्धलेखन कच्चं हाय." पुसदच्या गाडीची वाट बघणारी कॉलेजकन्या असो की ड्यूटीवरचा पोलीस, मुकाट्यानं लिहून देतो. नवं गाणं मिळालं की भाऊंचा चेहरा असा खुलतो, जसा बाकीच्यांचा कापसाचा भाव चढल्यावर खुलतो.

भाऊ माझ्या घरासमोर राहतात. एकटेच. बायको वारली, मुलगी लग्न होऊन मारेगावला गेली. तीस वर्षं जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर होते. तिथल्या सगळ्यांसारखे ओरडून बोलतात. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. माझ्या मिशीवर तर त्यांचा जुना राग. "सर, ते झुडूप कापा ना. तुमचं बोलणं त्याच्यातच अटकते." ती मिशी मी वर्गात धाक बसावा म्हणून वाढवली होती. धाक कोणालाच बसला नाही, मिशी मात्र राहिली.

रोज सकाळी साडेपाचला भाऊंचं गाणं गल्लीच्या ग्रुपवर येतं. खाली लिहिलेलं असतं, 'आजचं. कसं हाय सांगजा.' बाकीचे हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होतात. मी पडलो मराठीचा मास्तर. काहीतरी शोभेसं लिहायला हवं. म्हणून लिहायचो, 'वा! बासरी फार सुरेख.'

गाणं ऐकायचो नाही, हे आधीच कबूल करतो. उभी नोकरी निबंध न वाचता 'छान, अक्षर सुधारा' लिहिण्यात गेली. गाण्याचं काय घेऊन बसलात! कधी 'बासरी काळजाला भिडली', कधी 'शेवटी बासरी डोळ्यांत पाणी आणते'. बासरीच का? तर बासरीला कोणी नाही म्हणत नाही. एकदा दात घासता घासता, गाणं डाउनलोड व्हायच्या आतच माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मागच्या महिन्यात बायकोनं अंबाडीची भाजी देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. दार उघडंच होतं. भाऊ खाटेवर पाठमोरे बसलेले, समोर फोन, मांडीवर ठेका. गाणं संपून गेलं होतं आणि फोनवर बनियनची जाहिरात चालू होती. "वा!" भाऊ म्हणाले आणि मान डोलावली.

मला वाटलं, गंमत करतायत. मागूनच म्हणालो, "भाऊ, बनियनचा राग कोणता?" मान डोलतच होती. जवळ जाऊन ओरडलो. जाहिरात संपली, फोन गप्प झाला. ठेका चालूच.

खाटेवर वही उघडी होती. डावीकडे कुणाकुणाच्या अक्षरात गाण्यांची नावं. उजवीकडे भाऊंचं वेडंवाकडं अक्षर: 'सर म्हनते बासरी सुरेख.' पानोपानी तेच.

माझी सावली वहीवर पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मला काय कळलं ते त्यांनाही कळलं.

"जिनिंगच्या आवाजानं नेले कान," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू. "थोडे थोडे नेले. आता चार वर्षं झाले, काईच नाही. पोरीले नोका सांगू. पोरगी येईन अन् मले घर सोडाले लावन."

"मग गाणी कशाला गोळा करता?" मी मिशी बोटांनी वर सारून विचारलं.

"मी नाही ऐकत, तुमी तं ऐकता ना? बाकीचे हात जोडते. शब्द एकटे तुमीच लिहिता. तुमी बासरी म्हणलं का मी डोळे मिटतो. तांड्यावरची बासरी आठवते मले, याडी, माही माय, होती तवाची. तेच आतल्या आत वाजवतो." मग जरा हुशारून म्हणाले, "आजकालच्या गाण्यायत बासरी लय आली सर, नाही? चांगलं झालं."

मी हो म्हणून मान हलवली. घरी आलो, जेवलो नाही. बायकोला सांगितलं, अ‍ॅसिडिटी आहे.

सकाळी साडेपाचला गाणं आलं. मी ते ऐकलं. एका बाईचा जाड, जरा बसलेला आवाज. मागे ढोलकी, पत्र्यावर तुरीच्या शेंगा झोडाव्यात तशी. दुसऱ्या कडव्याआधी ती दम घेते, आणि तो घेतलेला दम ऐकू येतो. बासरी नव्हती. पुन्हा ऐकलं. नव्हती.

'वा! बा' एवढं बोटांनी आपोआप लिहिलं होतं. खोडलं. मग कात्री घेऊन आरशासमोर उभा राहिलो.

"अवं माय! हे काय करून राह्यले?" बायको ओरडली. तोवर अर्धी मिशी बेसिनमध्ये होती.

रस्ता ओलांडून गेलो. भाऊंनी माझ्या उघड्या पडलेल्या ओठाकडे बराच वेळ पाहिलं.

"बासरी?"

"नाही," मी सावकाश म्हणालो. "आजच्यात नाही. आणि आधी..."

आता ओठ दिसत होते; जे बोललो नाही तेही त्यांनी वाचलं असावं. त्यांनी वही ओढली. आजच्या पानावरून मागे मागे गेले, पार पहिल्या पानापर्यंत. तिथल्या बासरीवर एक आडवी रेघ मारली आणि खाटेवर माझ्यासाठी जागा केली.

"तं मंग पैल्यापासून सांगा सर," ते म्हणाले. "जे असन ते."